.एम फाइलवर डबल क्लिक केलं की दरवेळी नवीन मॅटलॅब उघडतं. आधीच्याच खिडकीत कसं उघडायचं?

विद्युतलता
सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. विषय तसा छोटा आहे, पण चार दिवसांपासून डोक्याला ताप झालाय.

मी नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलला शिकवते. टर्मवर्क तपासणं चालू आहे. पोरांनी लोड फ्लोच्या (वीजजाळ्याच्या गणिताच्या) मॅटलॅब स्क्रिप्ट, म्हणजे .एम फाइली, पेनड्राइव्हवर दिल्यात, एका बॅचच्या ६२. माझी पद्धत ठरलेली: मॅटलॅब (आकडेमोडीचं आणि ग्राफचं सॉफ्टवेअर) उघडं ठेवायचं, शेजारी विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये फोल्डर, एका फाइलवर डबल क्लिक, वाचायचं, रन करायचं, मार्क टाकायचे, पुढची फाइल. पूर्वी प्रत्येक फाइल त्याच खिडकीतल्या एडिटरमध्ये नवा टॅब होऊन यायची.

आता डबल क्लिक केलं की मॅटलॅबचं सुरुवातीचं चित्र परत झळकतं, मिनिटभर वाट पाहायची, आणि अख्खं दुसरं मॅटलॅब उभं राहतं. त्यात ती एक फाइल. पुढच्या फाइलला तिसरं मॅटलॅब. पाचव्या फाइलला लॅपटॉपचा पंखा खोलीतल्या कूलरपेक्षा मोठ्यानं ओरडायला लागला. रॅम ८ जीबी आहे, ती तिथेच संपते.

विंडोज १०, मॅटलॅब आर २०२१ ए. प्रेफरन्सेस सगळ्या धुंडाळल्या, "एकाच खिडकीत उघड" असं काही बटण सापडलं नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा, शनिवारपर्यंत मार्क भरायचे आहेत.


तर्रीपोहे
सोमवार, रात्री ११:०६

ताई, ६२ फाइली म्हणजे ६२ मॅटलॅब. मे महिन्यात नागपुरात एवढी उष्णता अजून काऊन वाढवून राहिल्या?

गंमत सोडा. रीइन्स्टॉल करून पाहा एकदा. माझं अर्धं आयुष्य मिहानमध्ये लोकांना हेच सांगण्यात गेलं.


संत्राबर्फी
सोमवार, रात्री ११:१५

सेम टू सेम! आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पण असंच होते. आम्ही तर असंच असते समजून चालून राहिलो होतो. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.


अंबाझरीचा_बगळा
सोमवार, रात्री ११:३१

एक्सप्लोररच्या नादी कशाला लागता? मॅटलॅबमध्येच डाव्या हाताला करंट फोल्डरची पट्टी असते. वरच्या ॲड्रेस बारमध्ये पेनड्राइव्हचा पत्ता टाका, पट्टीत सगळ्या फाइली दिसतील. तिथे डबल क्लिक केलं तर फाइल त्याच खिडकीत उघडते, कारण तिथे विंडोजला विचारायचा प्रश्नच येत नाही. किंवा कमांड विंडोमध्ये एडिट लिहून पुढे फाइलचं नाव.

आज रात्रीपुरतं तरी काम भागेल.


विद्युतलता
सोमवार, रात्री ११:४८

बगळेदादा, धन्यवाद. आज तसंच केलं, १४ फाइली झाल्या. पण प्रत्येक पोराचं वेगळं फोल्डर, त्यात त्याचा वर्डमधला रिपोर्ट, ग्राफचे फोटो, सगळं एक्सप्लोररमध्येच बरं पडतं. आणि आधी चालत होतं ना! जे चालत होतं ते बंद का पडलं हे कळल्याशिवाय झोप येत नाही मला.


काटोलनाका
मंगळवार, सकाळी ६:२०

विद्युतलताताई, रीइन्स्टॉल मुळीच करू नका. दीड तास जाईल आणि रोग तसाच राहील. का, ते सांगतो. आधी तीन प्रश्न:

एक, या मशीनवर पूर्वी दुसरं मॅटलॅब होतं का? दोन, मधे कधी डबल क्लिक केल्यावर "ही फाइल कशात उघडू?" असं विंडोजनं विचारलं होतं का, आणि तुम्ही स्वतः ब्राउझ करून मॅटलॅब दाखवून "नेहमी हेच वापर"वर टिक केली होती का? तीन, स्टार्ट मेनूत सीएमडी लिहून काळी खिडकी उघडा, त्यात असॉक, म्हणजे ए-एस-एस-ओ-सी, मग एक जागा सोडून टिंब एम लिहा आणि एंटर मारा. काय उत्तर येतं ते जसंच्या तसं इथे टाका.


विद्युतलता
मंगळवार, सकाळी ७:४०

दादा, तुम्ही माझ्या लॅपटॉपमध्ये बसलात की काय? तिन्हींची उत्तरं हो, हो आणि खाली.

आधी आर २०१६ बी होतं. मार्चमध्ये २०२१ ए टाकलं. मग एका जुन्या टूलबॉक्ससाठी २०१६ बी परत टाकावं लागलं, आणि काम झाल्यावर जागा अडते म्हणून काढून टाकलं. त्यानंतर एकदा विंडोजनं विचारलं होतं खरं. मी प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाऊन बिन नावाच्या फोल्डरमधलं मॅटलॅब दाखवलं, टिक केली. मला वाटलं, झालं.

काळ्या खिडकीतलं उत्तर: टिंब एम बरोबर मॅटलॅब टिंब एम टिंब ९.१

म्हणजे बरोबरच आहे ना? २०२१ ए म्हणजे ९.१० च आहे, आत्ताच पाहिलं.


काटोलनाका
मंगळवार, सकाळी ८:०५

इथेच तर गंमत आहे. ९.१ आणि ९.१० एक नाहीत. हा दशांश अपूर्णांक नाही, नववी आवृत्ती, तिचा पहिला भाग आणि दहावा भाग. ९.१ म्हणजे २०१६ बी. ९.१० म्हणजे २०२१ ए. तुमच्या विंडोजला अजून वाटतंय की .एम फाइल २०१६ बी ची आहे, आणि ते तर तुम्ही काढून टाकलंत. शेवटी जे इन्स्टॉल झालं त्यानं फाइलींवर हक्क सांगितला, जाताना मात्र घराच्या दारावरची पाटी तशीच ठेवून गेलं.

आता नवीन खिडकी का उघडते ते. थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आपल्याला वाटतं "उघडी असलेली खिडकी वापरायची की नवी" हे मॅटलॅब ठरवतं. तसं नाही. ते बऱ्याच अंशी एक्सप्लोररच्या हातात असतं. डबल क्लिक झाला की एक्सप्लोरर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, बघतो: या जातीच्या फाइलसाठी काय करायचं लिहिलंय? तिथे साधारण दोन प्रकारची नोंद असू शकते. पहिली सरळ: अमुक ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, चालव, फाइलचं नाव त्याच्या हातात दे. दुसरी जरा सभ्य: आधी चालू असलेल्या खिडक्यांना हाक मारून विचार, "मॅटलॅबवाले कोणी आहे का घरात?" कोणी "हो" म्हणालं तर त्याला फक्त निरोप दे, ही फाइल उघड. कोणीच ओ दिली नाही तरच नवीन ईएक्सई चालव.

या हाक मारण्याच्या पद्धतीचं नाव डायनॅमिक डेटा एक्सचेंज, थोडक्यात डीडीई. १९८७ च्या विंडोज २.० पासून आहे. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच नव्या प्रोग्रॅमांना हे वापरू नका असं कधीचं सांगितलंय, पण जुन्या वाड्यातल्या कडीसारखं अजून चालतं. मॅटलॅब स्वतःच्या इन्स्टॉलरनं स्वतःची जी नोंद टाकतं, त्यात ही हाक असते. रजिस्ट्रीत तुमच्या आवृत्तीच्या नोंदीखाली शेल, त्याखाली ओपन, त्याखाली डीडीईएक्झेक असं खातं दिसेल. त्यात ॲप्लिकेशनपुढे शेलव्हर्ब्स.मॅटलॅब अशी सुरुवात असलेलं नाव आणि टॉपिकपुढे सिस्टिम. हाक मारायचं नाव ते.

तुम्ही मात्र ब्राउझ करून थेट ईएक्सई दाखवलंत. त्यासरशी विंडोजनं तुमच्या नावानं एक वेगळी, पहिल्या प्रकारची नोंद केली. तिच्यात हाक नाही. दर क्लिकला ईएक्सई चालव, संपलं. आणि ही वैयक्तिक निवड इतर सगळ्या नोंदींच्या वर बसते. म्हणून रीइन्स्टॉलनं काही होत नाही: इन्स्टॉलर खालची नोंद कितीही नीट करो, वर तुमची टिक बसलेलीच.

उपाय संध्याकाळी लिहितो, आत्ता ड्यूटी आहे.


तर्रीपोहे
मंगळवार, सकाळी ९:१२

माझा रीइन्स्टॉलचा सल्ला मागे घेतो. काका, एक्सेलमध्ये पण हीच भानगड होती काय? आमच्या एका क्लायंटकडे एक्सेल फाइलवर डबल क्लिक केलं की नुसतं रिकामं एक्सेल उघडायचं, फाइल काही येत नव्हती. ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डमध्ये खाली "डीडीई वापरणाऱ्या इतर ॲप्लिकेशनकडे दुर्लक्ष कर" अशी एक टिक होती. ती काढली आणि चालू. तेव्हा डीडीई काय बला आहे ते कोणाला माहीत होतं बे!


काटोलनाका
मंगळवार, दुपारी १:३५

अगदी तीच. तिथे एक्सेल घरात होतं, हाक ऐकूही येत होती, पण "कोणी बोलावलं तर ओ द्यायची नाही" असं त्याला बजावलेलं होतं.


व्हिमभक्त
मंगळवार, दुपारी २:१०

मी तर म्हणतो व्हिम एडिटर वापरा. जीव्हिमच्या कमांडमध्ये उणे उणे रिमोट-टॅब-सायलेंट टाकलं की जन्मभर एकच खिडकी, प्रत्येक फाइल नव्या टॅबात. इमॅक्सवाल्यांनाही सर्व्हर-स्टार्ट आणि इमॅक्सक्लायंट आहेच, त्यांचं कौतुक मी करणार नाही.


विद्युतलता
मंगळवार, दुपारी ३:००

व्हिमभक्तभाऊ, मागे एकदा व्हिम उघडलं होतं. बाहेर पडता न आल्यानं मशीन बंद करावी लागली. राहू द्या.


काटोलनाका
मंगळवार, रात्री ९:३०

हं. उपाय. पत्ते उच्चाराप्रमाणे लिहितोय, स्क्रीनवर अर्थातच इंग्रजीत दिसतील.

आधी सगळी मॅटलॅब बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये बघून खात्री करा, एखादं मागे अडकलेलं असतं आणि मग चाचणीचा निकाल चुकतो.

स्टार्टमध्ये रेजएडिट लिहून रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स, असं उतरत जा. तिथे फाइलींच्या शेपट्यांची लांबलचक यादी आहे, त्यात टिंब एम शोधा. टिंब एमच्या फोल्डरवर राइट क्लिक, एक्सपोर्ट, डेस्कटॉपवर सेव्ह करा. हे टाळू नका. रजिस्ट्रीत अनडू नसतं.

मग टिंब एम उघडलं की आत युजरचॉइस दिसेल. त्यावर क्लिक केलं की उजवीकडे प्रोगआयडीपुढे ॲप्लिकेशन्स, उलटी तिरकी रेघ, मॅटलॅब.ईएक्सई असं काही दिसलं, तर माझा अंदाज बरोबर. तीच तुमची टिक. शेजारी हॅश नावाची अगम्य अक्षरं असतील. विंडोज ८ पासून ती आलीत, कोणी परस्पर ही निवड बदलू नये म्हणून. त्यामुळे प्रोगआयडी हातानं बदलायला जाऊ नका, हॅश जुळणार नाही आणि विंडोज ती मानणार नाही. अख्खं युजरचॉइस हेच खातं डिलीट करा. फक्त तेवढंच. टिंब एम नाही, फाइलएक्स्ट्स तर नाहीच नाही.

एवढ्यानं वरची पाटी निघाली. पण खाली ९.१ ची शिळी पाटी आहेच, ती बदलायची. सीएमडीवर राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. असॉक, जागा, टिंब एम बरोबर मॅटलॅब टिंब एम टिंब ९.१०. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. शून्य विसरू नका, सगळं रामायण त्या शून्यावर आहे.

एकदा लॉग आउट करून परत या. स्टार्ट मेनूतून मॅटलॅब उघडा, पूर्ण उभं राहू द्या, आणि मग एका फाइलवर डबल क्लिक.


विद्युतलता
मंगळवार, रात्री १०:४१

झालं!!!

प्रोगआयडीपुढे तुम्ही म्हणालात तेच होतं, अक्षरही इकडचं तिकडे नाही. डिलीट करताना हात थरथरत होता, पण एक्सपोर्ट केलं होतं म्हणून धीर होता. असॉक मारताना पहिल्यांदा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायला विसरले, तर ॲक्सेस डिनाइड म्हणाला. दुसऱ्यांदा मुकाट्यानं ऐकलं.

पहिली फाइल: टॅब. दुसरी: टॅब. चित्र झळकलं नाही, पंखा ओरडला नाही. दादा, सदरला कधी आलात तर संत्र्याचा रस माझ्याकडून.


तर्रीपोहे
मंगळवार, रात्री १०:५०

आणि आम्हाला काय? गंमत आम्ही केली होती.


संत्राबर्फी
बुधवार, दुपारी १२:२५

भाऊ, आमच्या लॅबमध्ये हे केलं आणि काहीच झालं नाही. युजरचॉइस नावाचं काही नव्हतंच तिथे. असॉक मारलं तर ९.१० च येते, शून्यासकट. डीडीईएक्झेकवालं खातं पण आहे, पाहिलं. तरी दरवेळी नवीनच खिडकी. लॅबवाल्या काकांना विचारलं तर म्हणे मशीन जुनी झाली.

१८ मशीन आहेत, सगळ्यांवर तेच.


काटोलनाका
बुधवार, दुपारी १:१५

मशीन जुनी झाली म्हणून हाक ऐकू येत नाही असं नसतं, ते माणसांचं होतं.

नोंद बरोबर आहे म्हणता, म्हणजे एक्सप्लोरर हाक मारतोय, पण आतून ओ येत नाही. एक छोटी चाचणी कर. मॅटलॅब उघडं ठेव, एक्सप्लोररमधून फाइल माउसनं ओढून मॅटलॅबच्या एडिटरवर आणून सोडायला बघ. काय होतं?


संत्राबर्फी
बुधवार, दुपारी ३:४०

ओढून नेली तर माउसला गोल बंदीची खूण येते. सोडली तरी काही होत नाही.


काटोलनाका
बुधवार, दुपारी ३:५२

आणि मॅटलॅब सुरू करताना पडदा काळवंडून "या ॲपला बदल करू द्यायचे का" असं विचारतं?


संत्राबर्फी
बुधवार, दुपारी ३:५५

हो ना! दरवेळी विचारते. डबल क्लिक केल्यावर पण विचारते. आम्ही यस दाबतो.


काटोलनाका
बुधवार, दुपारी ४:१०

हे आधी सांगायचं ना बाप्पा! सगळी गोष्ट त्या यसमध्ये आहे.

तुमच्या लॅबमधलं मॅटलॅब ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतंय. एक्सप्लोरर साध्या हक्कानं चालतो. विंडोज व्हिस्टापासून नियम असा आहे की कमी हक्काच्या प्रोग्रॅमनं जास्त हक्काच्या प्रोग्रॅमच्या खिडकीला निरोप पाठवला तर तो मधेच अडवायचा. सुरक्षेसाठी योग्यच आहे, नाहीतर कोणताही फालतू प्रोग्रॅम ॲडमिनच्या खिडकीला हुकूम सोडेल. पण त्यामुळे एक्सप्लोररची हाक खालच्या मजल्यावरच राहते. वरच्या मजल्यावर मॅटलॅब बसलंय, त्याला ऐकूच येत नाही. कोणी ओ दिली नाही, म्हणून एक्सप्लोरर नवीन मॅटलॅब चालवतो, ते परत ॲडमिनचा हक्क मागतं, तुम्ही परत यस दाबता. फाइल ओढून नेल्यावर बंदीची खूण येते तीही याच भिंतीमुळे.

मॅटलॅबच्या शॉर्टकटवर राइट क्लिक कर, ओपन फाइल लोकेशन, तिथे मॅटलॅबच्या ईएक्सईवर प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी. "रन धिस प्रोग्रॅम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर"वर टिक असेल. खाली सगळ्या युजरांसाठीचं बटण असतं, त्यातही बघ. बिनच्या आत विन६४ नावाचं फोल्डर आहे, त्यातही एक मॅटलॅब.ईएक्सई असतं, बाहेरचं त्यालाच उठवतं. दोन्हींवर बघ.

पण टिक काढण्याआधी लॅबवाल्या काकांना विचार, ती लावली का होती. कोणी उगाच १८ मशीनवर टिक लावत नाही.


अंबाझरीचा_बगळा
बुधवार, संध्याकाळी ६:३०

मी सांगू का लावली असेल? सेव्हपाथ. पाथ म्हणजे मॅटलॅब ज्या फोल्डरांत फाइली शोधतं त्यांची यादी. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. पाथ जोडला आणि सेव्ह करायला गेलं की मॅटलॅब म्हणतं, लिहिता येत नाही. कारण पाथडेफ.एम ही फाइल मॅटलॅबच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, टूलबॉक्सच्या आत लोकलमध्ये असते. ती प्रोग्रॅम फाइल्समध्ये, आणि तिथे साध्या युजरला लिहिता येत नाही. मग कोणीतरी शहाणा म्हणतो, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. चालतं. आणि सहा महिन्यांनी फाइली वेगळ्या खिडकीत उघडायला लागल्या तर या दोन गोष्टींचा संबंध असेल असं कोणाच्या बापाच्या डोक्यात येत नाही.


संत्राबर्फी
गुरुवार, सकाळी ११:०५

बगळेदादा, पाय कुठे आहेत तुमचे? काका म्हणाले, "हो, ते पाथ सेव्ह होत नव्हतं म्हणून दोन वर्षांपूर्वी केलं होतं सगळ्यांवर." टिक काढली तर खिडकीचा प्रश्न सुटला, पण आता प्रोजेक्टवाल्या सीनिअर पोरांचं पाथ सेव्ह होत नाही. ते लोक ओरडून राहिले.


अंबाझरीचा_बगळा
गुरुवार, सकाळी ११:४०

मॅटलॅबच्या फोल्डरमध्ये लिहायची गरजच नाही. डॉक्युमेंट्समध्ये मॅटलॅब नावाचं फोल्डर असतं. तिथे स्टार्टअप.एम नावाची फाइल करायची आणि तिच्यात ॲडपाथच्या ओळी लिहायच्या, प्रत्येक फोल्डरसाठी एक. मॅटलॅब सुरू होताना ही फाइल आपणहून चालते. ज्याचं लॉगिन त्याचा पाथ, दुसऱ्याच्या पाथमध्ये लुडबुड नाही. खरं म्हणजे सामायिक मशीनवर हेच बरं. आमच्याकडे एकानं स्वतःच्या फोल्डरमध्ये प्लॉट.एम नावाची फाइल ठेवून पाथ सगळ्यांसाठी सेव्ह केला होता. मॅटलॅबच्या स्वतःच्या प्लॉटऐवजी तीच चालायची, अख्ख्या लॅबचे ग्राफ दोन दिवस गायब. काका मशीनला शिव्या घालत होते.


काटोलनाका
गुरुवार, दुपारी १:२०

बगळ्यानं बरोबर सांगितलं. भर एवढीच: विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्सच्या टॅबवर कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून एलिव्हेटेड हा कॉलम जोडता येतो. मॅटलॅबपुढे यस दिसलं की कोणीतरी ॲडमिन म्हणून उघडलंय. काकांना ते दाखवून ठेव, दरवेळी माउसनं फाइल ओढायला नको.

अजून एक, पुढे कोणी हा धागा शोधत येईल म्हणून. सगळं बरोबर असूनही डबल क्लिक केल्यावर बराच वेळ काहीच होत नसेल, तर मॅटलॅबला दोष देण्याआधी बाकीच्या खिडक्या बघा. हाक सगळ्या खिडक्यांना जाते, आणि एखादा भलताच प्रोग्रॅम, समजा प्रिंटरचं काहीतरी, नॉट रिस्पॉन्डिंग होऊन पडला असेल तर एक्सप्लोरर त्याच्या उत्तराची वाट बघत दारात उभा राहतो. तो प्रोग्रॅम मारला की फाइल टपकन उघडते. ऑफिसात हा अनुभव आल्यावर अर्धा दिवस मी चुकीच्या घराचं दार ठोठावत होतो.


ठाणेकर_मी
गुरुवार, रात्री ८:१०

धागा छान. व्हीएस कोडमध्ये हेच कसं करायचं? माझ्या पायथनच्या फाइली दरवेळी नव्या खिडकीत जातात.


तर्रीपोहे
गुरुवार, रात्री ८:३५

याचं उत्तर मी देतो, एवढं तरी येते मला. व्हीएस कोडमध्ये डीडीईबिडीई काही नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ओपन फाइल्स इन न्यू विंडो शोधा. ऑन, ऑफ, डिफॉल्ट असे तीन पर्याय आहेत. ऑफ करा. मग ज्या खिडकीत त्या फाइलचं फोल्डर उघडं आहे तिथे, नाहीतर शेवटी वापरलेल्या खिडकीत फाइल उघडेल. टर्मिनलमधून उघडत असाल तर कोड लिहून उणे आर टाका, मग फाइलचं नाव. उणे एन टाकलं तर नवीन खिडकी, ते टाकून पाहू नका म्हणजे झालं.

याच्या बाजूलाच फोल्डरसाठी वेगळी सेटिंग आहे, ती वेगळी गोष्ट. दोन्हीत गल्लत करून मी एकदा सेटिंग चालत नाही म्हणून तीन लोकांना मेल टाकले होते.


ठाणेकर_मी
गुरुवार, रात्री ८:५२

झालं. धन्यवाद. नागपूरला आलो की सावजी.


तर्रीपोहे
गुरुवार, रात्री ८:५५

पाणी सोबत घेऊन या. ठाण्याच्या माणसाला पहिल्या घासालाच लागते.


विद्युतलता
शुक्रवार, रात्री ११:२०

अपडेट: ६२ पैकी ६२ झाल्या.

एक सांगायचं राहिलं. आता सगळ्या फाइली एकाच खिडकीत टॅबला टॅब लागून येतात ना, त्यामुळे एक गोष्ट दिसली जी वेगवेगळ्या खिडक्यांत कधी दिसली नसती. एका पोराच्या फाइलवरून दुसऱ्याच्या फाइलवर जाताना मला वाटलं टॅब बदललाच नाही. परत पाहिलं, फाइलचं नाव वेगळं, रोल नंबर वेगळा, आत तेच. व्होल्टेजच्या स्पेलिंगमध्ये टी आणि ए ची अदलाबदल, तीही तेराव्या ओळीत, आणि त्याच्याखाली एक कॉमेंट: "हे काऊन चालून राहिलं माहीत नाही, पण हात लावू नका."

अकरा फाइलींत. अकराच्या अकरा फाइलींत तीच कॉमेंट.


संत्राबर्फी
शुक्रवार, रात्री ११:३४

मॅडम, तुमचं कॉलेज हिंगणा रोडवरचं तर नाही ना?